कॉन्फरन्स बघून युनिव्हर्सिटी निवडू का? सानिकाच्या पत्राला उत्तर

सानिका,

पत्र मिळालं, लांबलचक आहे पण वाचायला मजा आली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. सानिका कोल्हापूरची, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला. तिचा दादा अमेरिकेत पुलमन नावाच्या छोट्या गावात वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत पीएचडी करतो, त्याच्या नादानं हीपण शनिवारी रात्र रात्र जागून तिकडचं कॉलेज फुटबॉल बघायला लागली (आपलं कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींच्या टीम खेळतात ते नाही, ते हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात ते), आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये दादाच्या टीमची अख्खी कॉन्फरन्सच, म्हणजे आपापसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गटच, फुटली. आता तिला स्पोर्ट्स मॅनेजमेंटचं मास्टर्स करायला तिकडं जायचंय आणि बाबा म्हणतात, "मॅच बघायला एवढं कर्ज काढायचं व्हय?" तिनं तीन गोष्टी विचारल्यात. यात करिअर आहे का, फक्त बिग टेन आणि एसईसी या बड्या कॉन्फरन्सवाल्या युनिव्हर्सिट्यांनाच अप्लाय करू का, आणि टीम वाईट नसताना दादाच्या कॉलेजला कुणी घेतलं का नाही.

मी तिसऱ्यापासून सुरू करते, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप सुटतं.

तू लिहिलंयस की २०१८ ला वॉशिंग्टन स्टेटनं ११ मॅच जिंकल्या होत्या, मग अन्याय झाला. अन्याय झाला असेल गं, पण जिंकण्याचा इथं फार संबंधच नाही. १९८४ पर्यंत टीव्हीवर कुठली मॅच दाखवायची, किती वेळा दाखवायची हे सगळं एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांची देशभरची संघटना, ठरवायची, मग ओक्लाहोमा आणि जॉर्जियाच्या युनिव्हर्सिट्या कोर्टात गेल्या आणि सुप्रीम कोर्टानं ७ विरुद्ध २ मतांनी ती मक्तेदारी मोडली. त्या दिवसापासून हक्क ज्याचे त्यानं विकायचे. एकट्यानं विकण्यापेक्षा गटानं विकलं तर भाव चांगला मिळतो, म्हणून कॉन्फरन्स ही आधी शेजारच्या गावांची लीग होती ती हळूहळू टीव्हीला माल विकणारी सोसायटी झाली. नोट्र डेम युनिव्हर्सिटीसारखा एखादाच, ज्याचे फॅन्स देशभर आहेत, तो १९९१ पासून घरच्या मॅचेस एनबीसी चॅनलला एकटा विकतो आणि फुटबॉलमध्ये आजही कुणाच्या गटात नाही.

मग विकतात काय? इथं नीट लक्ष दे, सगळी गंमत इथंच आहे. २०१० च्या आसपास केबलचा जमाना होता. एखाद्या राज्यात चॅनल बेसिक पॅकमध्ये गेलं की मॅच बघा नाहीतर बघू नका, दर घरामागे महिन्याला पैसे येणारच. बिग टेननं २००७ ला स्वतःचं चॅनल काढलं होतं, आणि २०१४ ला त्यांनी रटगर्स आणि मेरीलँडला आत घेतलं. रटगर्स काही फुटबॉलमधली तोफ नव्हती, पण न्यू यॉर्कच्या दारात होती, मेरीलँड वॉशिंग्टन डीसीच्या. म्हणजे टीम नाही घेतली, केबलची कनेक्शनं घेतली. नंतर लोकांनी केबल तोडायला सुरुवात केली आणि हिशोबच बदलला, आता घरं मोजून भागेना, खरोखर समोर बसून किती जणांनी बघितलं ते मोजायला लागले. २०२३ ची मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट मॅच एक कोटी ९० लाख लोकांनी बघितली. असली मॅच ज्याच्याकडे, तो म्हणेल तो भाव. टेक्सास आणि ओक्लाहोमा २०२४ मध्ये एसईसीत गेले, त्याआधी २०२२ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलएनं पार पॅसिफिकच्या काठावरून बिग टेनमध्ये जायचं जाहीर केलं, आणि त्याच उन्हाळ्यात बिग टेननं फॉक्स, सीबीएस, एनबीसी तिघांशी मिळून सात वर्षांचा ७ अब्ज डॉलरच्या वरचा करार केला.

आता दादाची पॅक-१२. १९१५ पासूनची कॉन्फरन्स, पण २०१२ ला काढलेलं तिचं स्वतःचं चॅनल डायरेक्टटीव्ही या सॅटेलाइट टीव्ही कंपनीवर कधी गेलंच नाही, मॅचेस रात्री उशिरा, तेव्हा पूर्वेकडं अर्धा देश झोपलेला. लॉस एंजेलिसच्या त्या दोघी इथूनच गेल्या, त्यानंतर उरलेल्यांचा सौदा करायला फार वेळ लावला, तोवर बिग १२ या दुसऱ्या कॉन्फरन्सनं घाईघाईनं स्वतःचा करार उरकून घेतला, दर कॉलेजला वर्षाला तीन कोटी डॉलरच्या वर आणि पक्के. पॅक-१२ च्या हातात शेवटी आली ॲपलची ऑफर, पक्के पैसे त्याहून कमी, जास्त हवे असतील तर सब्सक्रिप्शन खपवा. म्हणजे फॅन्सना सांगायचं की आमच्यासाठी महिन्याला वेगळे पैसे भरा, मग बघू. कोलोरॅडो जुलैतच निघून गेलं होतं. ४ ऑगस्ट २०२३ ला ओरेगन आणि वॉशिंग्टन (युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन, दादाची वॉशिंग्टन स्टेट नव्हे) बिग टेनमध्ये पळाले, तेही जवळजवळ निम्म्या वाट्यावर, ॲरिझोनावाले दोघं आणि युटा बिग १२ मध्ये, मग स्टॅनफर्ड आणि कॅल गेले कुठं तर अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये (एसीसी), पॅसिफिकच्या काठावर बसून! उरले दोन, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. त्यांनी कोर्टात जाऊन कॉन्फरन्सचं नाव आणि पैसा ताब्यात ठेवला हे मात्र मानलं पाहिजे, आणि नवीन सवंगडी जमवून २०२६ पासून गाडा परत सुरू करायचं ठरवलं.

दादाला विचार, ईएसपीएनच्या शनिवार सकाळच्या कार्यक्रमात मागच्या गर्दीत एक लाल झेंडा कायम फडकत असतो, तो कुणाचा. वॉशिंग्टन स्टेटचा. २००३ पासून प्रत्येक एपिसोडला, कार्यक्रम अमेरिकेच्या कुठल्याही कोपऱ्यात असो, यांचे माजी विद्यार्थी तो झेंडा एकमेकांकडे पोचवतात आणि कुणीतरी सकाळी उठून तो धरून उभा राहतो. स्वतःची टीम तिथं खेळत नसताना. याच्यापेक्षा जास्त निष्ठा काय असते? पण टीव्हीवाले निष्ठा मोजत नाहीत, डोकी मोजतात, आणि पुलमनची डोकी कमी. तुमच्या पेठेतल्यासारखंच आहे बघ, पाटाकडील तालमीचा माणूस काय दिलबहार तालमीचा माणूस काय, टीम हरली म्हणून कुणी तालीम बदलत नाही, पण जाहिरातवाला आला तर तो मैदानात किती आलेत एवढंच बघणार.

हा हिशोब आता एवढा उघड झालाय की फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसननं एसीसीवर केस टाकली, आमच्या मॅचेस लोक बघतात आणि पैसे सगळ्यांना सारखे कसे म्हणून, आणि मार्च २०२५ च्या तडजोडीत ठरलं की टीव्हीच्या पैशातला मोठा हिस्सा प्रत्येकाच्या प्रेक्षकसंख्येवर वाटायचा. म्हणजे कॉलेजच्या अकाउंटंटला आता रेटिंगचा तक्ता वाचता आला पाहिजे. आणि बीकॉमवाल्या पोरीनं कान टवकारायचे ते इथं.

आता करिअर. आहे, पण तुझ्या डोक्यात जे चित्र आहे ते नाही. तू लिहिलंयस "टीम मॅनेज करायचीय". स्पोर्ट्स मॅनेजमेंट करून बाहेर पडलेली बहुतेक पोरं पहिल्यांदा तिकिटं विकतात, फोनवर, रोज. त्यात कमीपणा काही नाही, पण परदेशी विद्यार्थ्याला त्या पगारावर कर्ज फेडणं आणि व्हिसा टिकवणं अवघड जातं. शिक्षण संपल्यावर ओपीटीचे, म्हणजे तिथं काम करायच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात, स्टेममधली (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, मॅथ्स) डिग्री असेल तर वर आणखी २४, आणि स्पोर्ट्स मॅनेजमेंट साधारणपणे स्टेममध्ये धरत नाहीत. हे एजंट सांगणार नाही, म्हणून मी सांगते. माझं मत स्पष्ट आहे, बिझनेस ॲनालिटिक्स, स्टॅटिस्टिक्स नाहीतर इकॉनॉमिक्सकडचं मास्टर्स कर (अप्लाय करताना तो कोर्स स्टेममध्ये आहे ना हे युनिव्हर्सिटीकडून लेखी विचारून घे), आणि तिथं पोचलीस की पहिल्या महिन्यात ॲथलेटिक्स डिपार्टमेंटचं दार वाजव. तिकिटाच्या डेटाला, देणगीदारांच्या याद्यांना, स्पॉन्सरच्या रिपोर्टला त्यांना माणसं लागतात, एफ-१ या स्टुडंट व्हिसावर कॅम्पसमध्ये आठवड्याला २० तास काम करता येतं. तुला मोजता येत असेल तर तुला आत घेतील, नुसती आवड असेल तर आवड असलेली तिथं हजारो आहेत आणि ती तिथंच जन्मलेली आहेत.

बिग टेन-एसईसी बघून अप्लाय करू का? नको. एक तर बिग टेनमध्ये १८ आहेत आणि बिग १२ मध्ये १६, नावावर जाऊ नकोस, तू डिग्री घेईपर्यंत कोण कुठं असेल ते त्यांनाच माहीत नसतं. दुसरं म्हणजे टीव्हीचा पैसा ॲथलेटिक्सच्या खात्यात जातो, कोच, स्टेडियम, प्रवास, आणि जुलै २०२५ पासून खेळाडूंनाही थेट वाटा, पहिल्या वर्षी दर कॉलेजला दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. तुझ्या स्कॉलरशिपला त्यातलं काही येत नाही. आणि तरीही स्पोर्ट्सचंच मास्टर्स करायचा हट्ट असेल तर या क्षेत्रातला सगळ्यात जुना कोर्स १९६६ चा, तो ओहायो युनिव्हर्सिटीचा, ओहायो स्टेटचा नाही हां, फॉर्म भरताना गोंधळ करू नकोस. दुसरं मोठं नाव यूमास ॲमहर्स्ट. दोन्ही आज मिड-अमेरिकन कॉन्फरन्समध्ये आहेत, म्हणजे मोठ्या पैशाच्या बाहेर. ही तीच कॉन्फरन्स जी नोव्हेंबरमध्ये टीव्हीवर जागा मिळावी म्हणून मंगळवारी-बुधवारी रात्री थंडीत कुडकुडत मॅचेस खेळते.

अजून एक, तुझं बीकॉम तीन वर्षांचं, बऱ्याच अमेरिकन युनिव्हर्सिट्या चार वर्षांची डिग्री मागतात. चौथं ऑनर्सचं वर्ष करायचं की तीनवर घेणाऱ्या युनिव्हर्सिट्या शोधायच्या, हे याच महिन्यात ठरव. चौथं वर्ष केलंस तर मी त्याला वाया गेलेलं म्हणणार नाही, पायथन आणि स्टॅट्स त्यात होईल. मुंबईचा पर्यायही उघडा ठेव, आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे हक्क ४८,३९० कोटींना गेले आणि त्यात भारतातल्या डिजिटलचे टीव्हीपेक्षा थोडे जास्तच निघाले, म्हणजे तोच हिशोब, कोण कशावर किती वेळ बघतंय. तो करणारी माणसं इथंही लागतात आणि त्याला व्हिसा लागत नाही.

बाबांना लगेच कर्जाचं बोलू नकोस. आधी यंदाच्या सीझनला शाहू स्टेडियमवर वही घेऊन बस, कुठल्या तालमीच्या मॅचला किती गर्दी, हाफटाइमनंतर किती उरली, मॅचचं यूट्यूबवर लाईव्ह असेल तर त्यावर किती जण होते, कुठल्या दोन टीम समोरासमोर आल्या की आकडा डबल होतो. एक्सेलमध्ये भर, दोन पानांचं लिही. बाबा कोल्हापूरचेच आहेत ना, हे वाचून गप्प बसणार नाहीत, चुका काढतील, काढू देत, त्यांच्यासोबत बसून दुरुस्त कर. अप्लिकेशनला जोडायला तेच कामाला येईल.

ते झालं की मला पाठव. आणि जीआरईचं (तिकडच्या प्रवेशासाठीची परीक्षा) काय केलंस ते पत्रात कुठंच लिहिलं नाहीयेस, ते आधी कळव.