पायाखालचा बर्फ

प्रश्न : आमची सातवीतली लेक राणीच्या बागेतले पेंग्विन बघून आली नि म्हणाली, "मुंबईत मजेत राहतात की! मग अंटार्क्टिका जरा तापलं तर काय बिघडतं? आणि ध्रुवीय अस्वलं त्यांना खातात का?" काय सांगू?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : राणीच्या बागेतले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे. त्यांचं मूळ गाव पेरू-चिलीचा किनारा. शिवाय ते राहतात काचेमागच्या एसीत, मुंबईच्या घामात नव्हे.

अंटार्क्टिकाच्या एम्परर पेंग्विनचं दुखणं उकाड्याचं नाही, जागेचं आहे. बहुतेक वसाहती किनाऱ्याला धरून गोठलेल्या समुद्रावर असतात. मे-जूनमध्ये मादी एकच अंडं घालते, ते नराच्या पायांवर सोपवते आणि खायला समुद्राकडे जाते. बापडा दोनेक महिने उपाशी उभा! पिल्लाला पाणी न धरणारी पिसं येईस्तोवर डिसेंबर उजाडतो. तोवर खालचा बर्फ टिकायला हवा.

पिसांचं महत्त्व मला अंटार्क्टिकातल्या भारताच्या 'भारती' संशोधन केंद्रावर हवामानाच्या नोंदी घेताना कळलं. फेब्रुवारीत खडकाच्या आडोशाला एक ॲडेली पेंग्विन उभा असायचा. पिसं झडून अंगाची फाटकी गादी झालेली. नवी पिसं येईपर्यंत पाण्यात उतरायची सोय नाही, म्हणजे जेवणही नाही. जवळ जायची आम्हाला मनाई, दुर्बिणीतून बघायचो. तो थोराड पक्षी तग धरतो. कापसासारखी लव असलेलं एम्पररचं पिल्लू पाण्यात पडलं तर भिजतं, गारठतं आणि मरतं.

2022 मध्ये अंटार्क्टिकाला लागून असलेल्या बेलिंग्सहाऊझेन समुद्रात हेच झालं. बर्फ वेळेआधी फुटला. तिथल्या पाचपैकी चार वसाहतींत एकही पिल्लू वाचलं नसावं. हे कळलं कसं? पेंग्विनांच्या विष्ठेचे तपकिरी डाग उपग्रहाच्या चित्रांत दिसतात. ते बर्फासकट गेले! मोठे पक्षी पुढच्या वर्षी दुसरीकडे जमतात, एखादं वाईट साल पचवतात. लागोपाठ आली तर अवघड. सगळ्याच पेंग्विनांचं असं नाही हं. जेंटू उघड्या जमिनीवर घरटी करतो, तो अंटार्क्टिक द्वीपकल्पावर उलट पसरतोय.

अस्वलं पेंग्विन खात नाहीत, कारण ती दुसऱ्या टोकाला, आर्क्टिकमध्ये राहतात. पण गाऱ्हाणं तेच. समुद्रबर्फावर दबा धरून ती सील पकडतात. कॅनडातल्या हडसन उपसागराच्या पश्चिमेला आता बर्फ लवकर वितळतो, तेव्हा अस्वलं किनाऱ्यावर पूर्वीपेक्षा जास्त दिवस उपाशी बसून असतात.