‘आम्ही केलं’ म्हणजे नक्की कोणी केलं?

तू विचारलंस ते थोडक्यात असं. पुण्यात सहा वर्षं गाड्यांच्या कंट्रोल युनिटचं टेस्टिंग करतोयस. जर्मनीतल्या दोन कंपन्यांनी व्हिडिओवर मुलाखत घेतली, टेक्निकल उत्तरं दोन्हीकडे बरोबर आली आणि दोन्हीकडून नकार आला. कारण विचारलंस तर दोन ओळींचं छापील पत्र. ‘ताई, माझं चुकतंय तरी काय? की चान्सेनकार्टं, म्हणजे नोकरी शोधायला तिकडे राहण्याचा परवाना, काढून तिकडेच येऊ आणि समोरासमोर मुलाखती देऊ? बायकोलाही नोकरी शोधायचीय.’

आधी त्या पत्राचं. ते मनाला लावून घेऊ नकोस. २००६ पासून इथे समान वागणुकीचा कायदा आहे. वय, लिंग, धर्म, वंश अशा कारणावरून डावललं गेलं असं उमेदवाराला दाखवता आलं, तर तो भरपाई मागू शकतो. म्हणून एचआरवाले नकाराच्या पत्रात एक शब्द जास्तीचा घालत नाहीत. खरं कारण मुलाखत संपल्यावर, स्क्रीन बंद झाली की पाच मिनिटांत बोललं जातं, आणि त्या पाच मिनिटांना मी गेली सहा वर्षं हजर असते. मी मूळची सांगलीची, चिंचवडला सात वर्षं काढून २०१३ मध्ये स्टुटगार्टला आले. त्यामुळे पुढचं सगळं गाड्यांच्या धंद्यातलं आणि ह्या पट्ट्यातलं. बर्लिनच्या स्टार्टअपांमध्ये वारं वेगळं असतं.

मागच्या वर्षीची एक मुलाखत सांगते. स्क्रीनवर आपल्याच भागातला मुलगा, नऊ वर्षांचा अनुभव, सीव्ही भरगच्च. आमच्या टीमलीडनं विचारलं, ‘ह्या टेस्ट तुम्ही स्वतः लिहिल्या?’ उत्तर आलं, ‘हो हो, आम्ही ते केलंय.’ टीमलीडनं पुन्हा विचारलं, ‘त्यातलं तुमच्याकडे काय होतं?’ ‘आमच्या टीमनं पूर्ण ऑटोमेशन केलं.’ तिसऱ्यांदा टीमलीड काही बोलला नाही. कागदावर जर्मनमध्ये ‘विअर’ लिहिलं, म्हणजे ‘आम्ही’, आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मी शेजारी बसून बघत होते. त्या मुलाला बिचाऱ्याला कसं दिसणार?

त्यातलं बरंचसं काम त्यानंच केलं असणार, असं मला आजही वाटतं. पण ‘मी केलं’ म्हणायला आपली जीभ रेटत नाही. आढ्यता दिसते, टीमवर अन्याय होतो, वरिष्ठांचं नाव मागे पडतं, असं काय काय डोक्यात असतं. समोरच्याला त्यातलं काही ठाऊक नसतं. त्याला एवढंच ऐकू येतं की हा माणूस सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देत नाही. आपली भीड त्यांना लपवाछपवी वाटते. तुझ्या दोन नकारांमागे हेच असेल अशी पैज मी लावणार नाही, पण आपल्या मुलांबाबत त्या पाच मिनिटांत मी सर्वांत जास्त वेळा हेच ऐकलंय.

ह्याच भिडेचं दुसरं रूप म्हणजे रिक्वायरमेंटचा प्रश्न. आम्ही तो जवळपास प्रत्येकाला विचारतो. ‘स्पेसिफिकेशनमधली एक ओळ चुकीची आहे असं तुम्हाला वाटतंय, सिस्टिमचा आराखडा करणारा आर्किटेक्ट म्हणतो बरोबर आहे. तुम्ही काय कराल?’ आपल्याकडून हमखास येणारं उत्तर: ‘लीड सांगतील तसं करीन.’ पुण्यात हे शहाणपणाचं उत्तर आहे. इथे टेस्टरनं असं म्हटलं की मामला तिथेच संपला. टेस्टर ठेवायचा कशासाठी? ‘हे चूक आहे’ म्हणण्यासाठीच ना? मग काय सांगावं? ‘मी डिफेक्ट नोंदवीन, कुठल्या सिग्नलला काय व्हॅल्यू आली ते दाखवीन, तरीही ते ऐकत नसतील तर आमचं मत वेगळं असल्याची नोंद ठेवून पुढे जाईन.’ एवढं पुरे. भांडखोर दिसायचं नाहीये, बुजगावणंही दिसायचं नाहीये.

‘माहीत नाही’ हे दोन शब्द तर आपण गिळूनच टाकतो. नाशिककडच्या एका मुलीला फंक्शनल सेफ्टीतलं, म्हणजे गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सुरक्षिततेचं जे आयएसओ २६२६२ मानक आहे त्यातलं, काहीतरी खोलातलं विचारलं. ती म्हणाली, ‘हे मी केलेलं नाही. आमच्याकडे सेफ्टीची वेगळी टीम होती. त्यांनी ठरवलेल्या लेव्हलप्रमाणे मी टेस्ट लिहायचे. उद्या इथे गरज पडली तर पहिल्यांदा तुमच्या सेफ्टी मॅनेजरकडे जाऊन बसेन.’ टीमलीडनं पेन खाली ठेवलं आणि हसला. मॅडम आता माझ्या पलीकडच्या टेबलावर बसतात आणि आर्किटेक्टशी रोज वाद घालतात.

आता मान. आपण ऐकताना मान डोलावतो, उजवी-डावीकडे हलकेच, म्हणजे ‘हं, कळतंय, बोला’. व्हिडिओवर ती ‘नाही’सारखी दिसते. एकदा एका सहकाऱ्यानं म्यूट करून मला विचारलं, ‘तो नाही म्हणतोय का?’ कबूल करायचं असेल तर तोंडानं ‘हो’ म्हण. तेही खरंच हो असेल तेव्हाच. ‘हो, ऐकतोय’ आणि ‘हो, करीन’ ह्यांत आपल्याला फरक कळतो, त्यांना कळत नाही. मग तीन आठवड्यांनी ते विचारतात, तुम्ही तर हो म्हणाला होतात.

शिवाय समोरचे काही कौतुक करणार नाहीत. हा सगळा श्वाबियन लोकांचा मुलूख. इथली म्हणच आहे, ‘नेट गशिम्फ्ट इश् ग्नुग ग्लोब्ट’, म्हणजे रागावलो नाही ना, मग तेवढं कौतुक पुरे. उत्तर उत्तम असलं तरी ते ‘ओके’ म्हणून वहीत लिहीत बसतात. त्या शांततेनं आपला माणूस हबकतो. त्याला वाटतं उत्तर आवडलं नाही, म्हणून तो आणखी बोलतो, मग आणखी, आणि चांगलं दिलेलं उत्तर स्वतःच्या हातानं बिघडवतो. उत्तर संपलं की थांब. लिहू देत त्यांना.

माझी स्वतःची पहिली मुलाखत कशी झाली ते विचारू नकोस, तरी सांगते. खोलीत शिरले, हस्तांदोलन झालं, बाई म्हणाल्या, ‘कॉफी? पाणी?’ मी सवयीनं म्हटलं, ‘नको, नको.’ आपल्याकडे अजून दोनदा आग्रह होतो, तेव्हा आपण ‘बरं, अर्धा कप’ म्हणतो. इथे ‘नको’ म्हणजे नको. बाईंनी स्वतःच्या ग्लासात फसफसणारं पाणी ओतून घेतलं आणि सुरुवात केली. पुढचा दीड तास मी कोरड्या घशानं बोलत होते आणि बाटली हातभर अंतरावर होती. ती नोकरी मिळाली नाही. पाण्यामुळे नसेल, पण ते पाणी माझ्या अजून लक्षात आहे.

कागदपत्रांबद्दल थोडं, कारण मुलाखतीआधीच त्यांचं निम्मं मत तिथे बनलेलं असतं. सीव्हीतून वडिलांचं नाव, छंद म्हणून ‘गाणी ऐकणे’, सगळं काढून टाक. मजा म्हणजे आपण शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ लिहून ठिकाण, तारीख आणि सही करतो ना, त्यातली प्रतिज्ञा सोडली तर बाकीचं जर्मन पद्धतीत बसतं. इथल्या जुन्या धाटणीच्या सीव्हीखालीही ठिकाण, तारीख आणि सही असते. खरी पंचाईत होते अनुभवाच्या पत्राची. इथे नोकरी सोडताना सविस्तर प्रशस्तिपत्र मागण्याचा हक्कच असतो आणि त्याची एक ठरलेली भाषा आहे. ‘नेहमीच आमच्या पूर्ण समाधानाने’ अशा अर्थाचं वाक्य म्हणजे वरचे गुण, नुसतं ‘आमच्या समाधानाने’ म्हणजे जेमतेम पास. आपल्या कंपन्या देतात ते पत्र तीन ओळींचं: ह्या तारखेपासून त्या तारखेपर्यंत, अमुक पदावर होते. जर्मन माणूस ते वाचतो आणि मनात म्हणतो, चांगलं लिहिण्यासारखं काही नव्हतं वाटतं. तुझ्या मॅनेजरकडून एक पानभर लिहून घे, काय काम केलंस, कोणत्या टूलवर, किती जणांच्या टीममध्ये. नोकरीत असतानाही असं मधलं पत्र मागता येतं.

पगाराचा प्रश्न येईलच. ‘कंपनीच्या नियमाप्रमाणे’ असं म्हणू नकोस. गृहपाठ न करता आलाय असा त्याचा अर्थ होतो. वर्षाचा, कर कापण्याआधीचा एक आकडा सांग. महिन्याचा नाही, हातात येणारा नाही, सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा एकूण खर्च, तर नाहीच नाही. भीतीपोटी फार खालचा आकडाही सांगू नकोस. ब्लू कार्डला, म्हणजे पदवीधरांना नोकरीसाठी मिळणाऱ्या इथल्या परवान्याला, पगाराची किमान मर्यादा असते. २०२५ मध्ये ती वर्षाला ४८,३०० युरो होती, आणि इंजिनिअरांसारख्या टंचाईच्या व्यवसायांत ४३,७५९.८०. आकडा दरवर्षी बदलतो. त्याच्या खाली मागितलंस तर ब्लू कार्डच हातचं जाईल. कंपनी युनियनच्या करारात असेल तर पगार श्रेणीनुसार ठरलेला असतो आणि आठवडा ३५ तासांचा, तिथे घासाघीस करायला जागा कमी. आणि तुझी ९० दिवसांची नोटीस? खुशाल सांग. इथे तीन महिन्यांची नोटीस रोजची गोष्ट आहे. ‘मॅनेज करून महिन्यात येतो’ म्हटलंस तर त्यांना वाटतं, उद्या आपल्यालाही हा असाच मॅनेज करणार.

तुझ्या बायकोला एवढं सांग: लग्न, मुलं, दिवस गेलेत का, हे प्रश्न इथे विचारायचे नसतात. गरोदरपणाबद्दल विचारलंच, तर खोटं उत्तर दिलं तरी कायद्यानं चालतं, कोर्टांनी तसं मान्य केलेलं आहे. पुण्यात मला एका ठिकाणी ‘लग्नानंतर कंटिन्यू करणार का?’ हे पगाराच्याही आधी विचारलं होतं.

राहिलं चान्सेनकार्टं. जून २०२४ पासून ते मिळतं. पदवी इथे पूर्ण मान्य नसेल तर पात्रता, अनुभव, भाषा, वय अशा गोष्टींचे मिळून सहा गुण लागतात. नोकरी शोधायला वर्षभर राहता येतं, आठवड्याला २० तास काम करता येतं. पण त्या वर्षाचा खर्च आधी दाखवावा लागतो, २०२५ मध्ये महिन्याला १,०९१ युरो. माझं मत विचारशील तर तू घाई करू नकोस. तुझी पदवी ‘आनाबिन’ ह्या त्यांच्या परदेशी पदव्यांच्या यादीत मान्य असेल, तर पुण्यात बसूनच नोकरी मिळवून ब्लू कार्डवर ये. समोरासमोर बसल्यानं भीड जात नाही, उलट वाढते, आणि खात्यातले पैसे दर महिन्याला कमी होताना दिसले की माणूस मिळेल त्याला हो म्हणतो. ते पैसे आणि सहा महिने मॅक्स म्युलर भवनाच्या जर्मनच्या वर्गाला दे. जर्मनच्या पातळ्या खालून ए-१, ए-२, बी-१ अशा चढत जातात, आणि सीव्हीत बी-१ लिहायचं असेल तर बी-१ येऊ दे. आमचा टीमलीड इंग्रजी मुलाखतीच्या शेवटी हळूच म्हणतो, ‘आता पाच मिनिटं जर्मन बोलूया का?’ आणि तिथे भलेभले ए-१ ला येऊन बसतात. ए-२ असेल तर ए-२ लिही, त्याचं कोणी वाईट मानत नाही.

रविवारी सराव करू. माझे सकाळचे दहा म्हणजे तुझे दीड, जेवून बस. पाण्याचा ग्लास शेजारी ठेव. शेवटच्या प्रोजेक्टमधलं एक काम निवड, फक्त तू केलेलं, आणि ते तीन मिनिटांत सांग. ‘आम्ही’ आला की मी टेबलावर टकटक करणार आहे.