जपानी आरपीजीमध्ये, म्हणजे पात्रांची ताकद वाढवत पुढे जायच्या गेममध्ये, बॉसवर (मोठ्या शत्रूवर) अडकलं की तासन्‌तास लेव्हल वाढवत बसावं लागतं. हे गेम खरंच कठीण असतात, की हे नुसतं दळण आहे?

प्रश्नातला ‘दळण’ हा शब्द वाचला आणि लिहायला बसलो. तुम्ही तो सहज लिहिला असेल, पण मी तो आधी एकदा ऐकलेला आहे.

विट्याला आमची पिठाची गिरणी होती. 2008 साली मी दहावीत असताना मामेभावाने त्याचा जुना प्लेस्टेशन 2 मला दिला. तो तेव्हा पुण्याला इंजिनिअरिंगला होता, आम्ही त्याला दादाच म्हणतो. सोबत पाच-सहा डिस्क होत्या. बाकीच्या गाड्यांच्या आणि मारामारीच्या, त्या मित्र आले की लागायच्या. एक मात्र ड्रॅगन क्वेस्टचा आठवा भाग होता. तो एकट्यानेच खेळायचा गेम, आणि तोच माझा झाला. त्यातला नायकाचा सोबती यँगस ज्या ढंगाचं इंग्रजी बोलतो ते आमच्या शाळेच्या पुस्तकात कुठेच नव्हतं. मी प्रत्येक संवाद दोनदा वाचायचो, डिक्शनरी मांडीवर घेऊन.

ज्यांनी हा गेम खेळलाय त्यांना त्यातला खलनायक डूलमेगस आठवत असेल. तोपर्यंत गेम तुम्हाला बऱ्यापैकी सांभाळून घेतो आणि तिथे एकदम भिंत उभी करतो. आधी तो स्वतःचे तीन करतो. ते तिघे पडले की लगेच दुसरं रूप घेऊन उभा राहतो, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. आपल्या टोळीतल्या चौघांपैकी अँजेलो पडला की बरं करणारा हात गेला, आणि मग एकेक करून सगळे. मी लेव्हल 26 ला त्याच्यासमोर गेलो आणि अकरा वेळा हरलो. मोजलं होतं, वहीच्या मागच्या पानावर रेघा मारल्या होत्या.

बाराव्या वेळी लगेच गेलो नाही. बाहेर पडलो आणि लेव्हल वाढवायला लागलो.

आता इथे लोडशेडिंग आलं. ज्यांनी त्या वर्षांत महाराष्ट्रातल्या गावात दिवस काढलेत त्यांना सांगायला नको. आमच्याकडे सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा वीज जायची. बाबांनी वेळापत्रक कागदावर लिहून गिरणीच्या भिंतीला चिकटवलं होतं, कारण बायका डबे ठेवून जायच्या आणि वेळेवर दळण मिळालं नाही की घरची भाकरी अडायची. मी तेच वेळापत्रक माझ्या वहीत उतरवून घेतलं. त्या गेममध्ये सेव्ह फक्त चर्चमध्ये करता येतं. त्यामुळे संध्याकाळी सहाला वीज जाणार असेल तर पावणेसहाला झूम मंत्र मारून गावात यायचं, चर्च गाठायचं, सेव्ह करायचं आणि मगच टीव्ही बंद.

एक गोष्ट मला तेव्हाच कळली होती. ड्रॅगन क्वेस्टमध्ये तुम्ही मेलात तर अर्धं सोनं जातं, पण मिळवलेला अनुभव, म्हणजे ज्याने लेव्हल वाढते ते गुण, तसाच राहतो. बँकेत ठेवलेल्या सोन्याला तर हातही लागत नाही. म्हणजे हरूनही तुम्ही थोडे पुढेच असता. वीज गेली तर मात्र सगळंच जातं. गेममधल्या कुठल्याही राक्षसापेक्षा मला भिंतीवरच्या त्या कागदाची धास्ती जास्त होती.

एका संध्याकाळी वीज वीस मिनिटं आधी गेली. दुपारी अडीचपासून खेळत होतो. मेटल स्लाइम नावाच्या राक्षसाच्या मागे फिरत होतो, कारण तो मेला तर अनुभवाची रास पडते, पण त्याला सहसा मार लागत नाही आणि लागायच्या आत तो पळून जातो. यँगसला कुऱ्हाडीचा एक डाव येतो, बसला तर जबर बसतो नाहीतर हुकतो. त्या डावावर दोन स्लाइम पाडले होते. तीन लेव्हल झाल्या होत्या आणि चर्चला गेलो नव्हतो. पडदा काळा झाला. गिरणीचा पट्टा थांबल्याचा आवाज त्याच क्षणी शेजारून आला. मी रडलो. बाबा अंधारात आत आले आणि विचारलं, "किती गेलं?" मी म्हटलं, तीन लेव्हल. ते म्हणाले, "माझंही चार डब्यांचं राहिलं." एवढंच बोलून ते ओट्यावर जाऊन बसले. मीही त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. साडेआठला वीज आली तेव्हा दोघंही उठलो, ते त्यांच्या कामाला आणि मी माझ्या.

दिवाळीच्या आधी चारच दिवस, लेव्हल 34 ला, मी डूलमेगसला हरवलं. परत गेल्यावर पहिल्याच प्रयत्नात, आणि शेवटपर्यंत चौघंही उभे होते.

दिवाळीला दादा आला. मी त्याला मोठ्या हौसेने सेव्ह फाइल दाखवली. त्याने लेव्हल पाहिली, खेळाचे तास पाहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "34? अरे मी 27 ला मारला त्याला. अक्कल लावायची सोडून तू नुसतं दळण दळत बसलास." बाबा दारातच उभे होते, नुकतेच गिरणीतून आलेले. भुवयांवर पीठ होतं. ते काही बोलले नाहीत, मोरीकडे हात धुवायला गेले. दादाच्या मनात त्यांच्याबद्दल काही नव्हतं हे मला तेव्हाही माहीत होतं. पण त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. ते आज देतो.

पहिली गोष्ट. हे दळण कुणाच्या चुकीने गेममध्ये आलेलं नाही, ते मुद्दाम ठेवलेलं आहे. युजी होरी यांनी पहिला ड्रॅगन क्वेस्ट केला तो 1986 साली, निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या घरगुती कन्सोलवर. विझार्ड्री आणि अल्टिमा हे अमेरिकन संगणकावरचे गेम त्यांना फार आवडायचे, पण ते किचकट होते. फॅमिकॉमवरची मुलं वाढली होती उड्या मारायच्या आणि गोळ्या झाडायच्या गेमवर. तिथे बोटं चपळ नसतील तर तुम्ही कधीच पुढे जाऊ शकत नाही, शंभर वेळा खेळलात तरी. होरींनी त्या मुलांपुढे वेगळा सौदा ठेवला: बोटं चपळ नसली तरी चालेल, चिकाटीने खेळत राहिलास तर तू पोचशील. पहिल्या भागात स्लाइम मारला की अनुभवाचा 1 गुण मिळतो आणि दुसऱ्या लेव्हलला 7 गुण लागतात. सात स्लाइम मारले की तुम्ही वाढलात, आणि ते तुम्हाला स्वतःच्या अंगावर दिसतं. तिसऱ्या लेव्हलला 23 लागतात, मग 47. आकडे झपाट्याने चढत जातात, म्हणून एकाच जागी फिरत बसलात तर थोड्या वेळाने काहीच हाती लागत नाही आणि पुढे सरकावंच लागतं. पूल ओलांडला की राक्षस बळकट होतात. कधी ओलांडायचा हे कुणी सांगत नाही, ते तुम्ही ठरवायचं. शेवटच्या शत्रूचा किल्ला सुरुवातीच्या गावातूनच पाण्यापलीकडे दिसत असतो. ज्याला हिंमत आहे तो कमी लेव्हलला जाईल, ज्याला खात्री हवी तो थांबेल. डिफिकल्टीचं बटण मेन्यूत नव्हतं, ते नकाशावरच होतं. याला अक्कल नसलेला गेम म्हणणाऱ्याने तो नीट पाहिलेला नाही.

आणि आमच्या लोडशेडिंगसारखं संकट त्यांच्याकडेही होतं बरं. त्या पहिल्या भागात सेव्ह नव्हतं. राजा तुम्हाला 20 अक्षरांचा मंत्र द्यायचा, तो कागदावर उतरवायचा आणि पुढच्या वेळी जसाच्या तसा भरायचा. एक अक्षर चुकलं की संपलं. दुसऱ्या भागात हा मंत्र 52 अक्षरांपर्यंत गेला. बॅटरीवर सेव्ह करणं आलं ते तिसऱ्या भागात, 1988 साली. जपानमधल्या किती मुलांनी वहीतलं ते एक चुकलेलं अक्षर पाहून माझ्यासारखाच अंधार पाहिला असेल, याचा मी अनेकदा विचार करतो.

दुसरी गोष्ट, दादाच्या 27 ची. त्याने सायबर कॅफेतून छापून आणलेली गाइड मीच नंतर त्याच्या बॅगेत पाहिली. डूलमेगस कधी काय करतो, कुणी कुठला मंत्र मारायचा, सगळं त्यात होतं. गाइड वापरणं वाईट नाही. पण मग अक्कल कुणाची? त्याने माहिती खर्च केली, मी वेळ खर्च केला. त्याच्याकडे पुण्याचं इंटरनेट होतं आणि माझ्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीपासून दिवाळीपर्यंतच्या दुपारी. त्या दुपारी मी बिनडोकपणे बटणंही दाबत नव्हतो. एमपी (मंत्र मारायची शक्ती) कुठे वाचवायचा, ताकद आतल्या आत साठवून 5 वरून 20, 20 वरून 50 वर कधी न्यायची, टोळीतल्या जेसिकाने कुणावर ऊम्फ मंत्र मारायचा म्हणजे त्याचा मार दुप्पट होतो, हे सगळं मला त्या फेऱ्यांमध्येच समजलं. बाराव्या वेळी गेलो तेव्हा माझी लेव्हलच नाही, हातही बदलला होता.

आता तुमचा मूळ प्रश्न. कठीण की वेळखाऊ? माझं स्पष्ट मत असं की जिथे दळताना काही शिकायला मिळतं तो चांगला गेम, आणि जिथे डोळे मिटून एकच बटण दाबलं तरी चालतं तो आळशीपणाने केलेला गेम, मग नाव कितीही मोठं असो. क्रोनो ट्रिगरसारखा गेम, 1995 चा, मुद्दाम लेव्हल वाढवायला जवळजवळ कधीच लावत नाही. म्हणजे दळणाशिवाय जपानी आरपीजी होत नाही असंही नाही.

आणि हे आधी सांगायला हवं होतं, पण दादाच्या नादात राहून गेलं: लेव्हल हे प्रत्येक कुलपाची किल्ली नाही. फायनल फँटसीच्या आठव्या भागात तुम्ही वाढलात की शत्रूही तुमच्या सरासरी लेव्हलप्रमाणे वाढतात. तिथे लेव्हल वाढवत बसणं उलट अंगाशी येतं, खरी ताकद मंत्र गोळा करून ते अंगाला जोडण्यात आहे. त्याच मालिकेच्या दुसऱ्या भागात तर लेव्हलच नाही, जे वापराल ते वाढतं, आणि लोक एचपी (पात्राचा जीव) वाढवायला आपल्याच माणसांना मारत बसायचे. आणि शिन मेगामी टेन्सेईचा तिसरा भाग, नॉक्टर्न. तिथला मॅटाडोर हा सांगाडा बुलफायटर पाच लेव्हल वाढवल्या तरी तुम्हाला झोडपतो, जर तुमचे सोबती वाऱ्याच्या हल्ल्याला कच्चे असतील. कारण त्या गेममध्ये कच्च्या जागी मार बसला की शत्रूला जादा खेळी मिळते आणि तुमचा वार हुकला की तुमच्याच खेळ्या जातात. मॅटाडोर तर स्वतःची चपळाई एकदम शिगेला नेतो, म्हणजे तुमचे वार हुकतच राहतात. तिथे सोबती बदलावे लागतात. तिथे दादा बरोबर आहे, हे मी मान्य करतो. डूलमेगसच्या बाबतीत तो बरोबर नव्हता.

आजकाल कंपन्याच हा वाद तुमच्या हातात सोपवतात. ब्रेव्हली डिफॉल्टमध्ये वाटेत राक्षस किती भेटावेत हे तुम्ही ठरवता, अगदी शून्यापर्यंत. फायनल फँटसीच्या पिक्सेल रीमास्टरमध्ये आता अनुभव चौपट करता येतो किंवा पूर्ण बंद. उलट ड्रॅगन क्वेस्टच्या अकराव्या भागात एक कडक पर्याय आहे, ज्यात सोप्या लढायांमधून अनुभव मिळणंच कमी होतं. दादाने मागच्या वर्षी पिक्सेल रीमास्टर चौपट अनुभवावर संपवला आणि मला स्क्रीनशॉट पाठवला. त्याला आता दोन लहान मुलं आहेत, वेळ नाही. मला त्यात काहीच गैर वाटलं नाही आणि मी त्याला तसं लिहिलंही. फक्त 34 चा विषय काढला. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

तुम्ही कुठल्या गेममध्ये अडकलात ते प्रश्नात लिहिलेलं नाही. मॅटाडोर असेल तर बाहेर फिरू नका. वाऱ्याला न दबणारे सोबती जोडा आणि त्याने चपळाई वाढवली की तुम्हीही आपली वाढवा, नाहीतर त्याची उतरवा. ड्रॅगन क्वेस्टचा कुठलाही भाग असेल तर खुशाल चार-पाच लेव्हल वाढवा, बँक असेल तर सोनं तिथे ठेवा आणि कुणी काही म्हटलं तर त्याला हे उत्तर दाखवा. आणि जेवायला हाक आली तर आधी चर्चमध्ये जाऊन सेव्ह करा, मगच उठा.