लाल तारखांच्या शुभेच्छा

प्रिय,

नाव मुद्दाम घातलेलं नाही. हे पत्र तू ऑफिसात दोघा-तिघांना दाखवणारच, मी तुला ओळखते. ज्या दोघांविषयी तू लिहिलं आहेस त्यांच्या हाती ते तुझ्या नावानिशी पडायला नको.

तुझी मेल दोनदा वाचली. डिसेंबरअखेरचा एक शुभेच्छा-संदेश, ६३ माणसं, पाच देश आणि तुझे तीन मसुदे. पहिल्यात नाताळचं नाव घेतलंस, तर एक जण म्हणाला, "माझा सण नाही, मला कशाला पाठवता?" दुसऱ्यात नुसतं 'सणासुदीच्या शुभेच्छा' केलंस, तर दुसरी म्हणाली, "नाताळ म्हणायला लाज वाटते का?" तिसऱ्यात तू सगळ्यांचे सण ओळीनं लिहिलेस आणि तो संदेश रेल्वेच्या वेळापत्रकासारखा दिसायला लागला. (हे तुझंच वाक्य. हसले मी.) शेवटी विचारतेस, "मॅडम, कुणाचंच मन दुखावणार नाही असं एक वाक्य सांगा."

असं वाक्य नसतं, बाई. आस्थापना विभागात २२ वर्षं मी तेच शोधत होते. दर वर्षी एक नवीन मसुदा, वर साहेबांची सही, खाली कुणीतरी नाराज. पुढे कधीतरी लक्षात आलं की चूक मसुद्यात नव्हतीच. मी कुणाला काही विचारतच नव्हते. भिंतीवरच्या कॅलेंडरात लाल तारीख दिसली की शुभेच्छा पाठवून मोकळी.

लाल तारखेची गंमत अशी की तिच्यात सगळं सारखंच दिसतं. गुड फ्रायडे लाल. मोहरम लाल. दिवाळीही लाल. गुड फ्रायडेला येशूला क्रुसावर चढवलं. नावात 'गुड' आहे म्हणून मी एका वर्षी सगळ्यांना 'गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा' पाठवल्या होत्या, तेव्हा टायपिस्टपासून साहेबापर्यंत कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मोहरम हा हिजरी वर्षाचा पहिला महिना, त्यामुळे 'मुस्लिम नववर्षाच्या शुभेच्छा' असा संदेश फार हुशारीचा वाटतो. पण त्याच महिन्याच्या दहाव्या दिवशी, म्हणजे आशुऱ्याला, सन ६८० मध्ये, करबलाला पैगंबरांचे नातू इमाम हुसेन मारले गेले. शिया माणसासाठी ते शोकाचे दिवस. त्याच आशुऱ्याला सुन्नी शेजारी उपास धरतो, त्याची कारणं वेगळी. एकच लाल तारीख, दोन घरं. कॅलेंडर तुला यातलं काय सांगणार?

आणि पतेती! 'पतेतीच्या शुभेच्छा' हे तर आपण मराठी माणसं इतक्या सराईतपणे म्हणतो की पारशी लोकांनी आपल्याला दुरुस्त करणंसुद्धा सोडून दिलंय. पतेती हा वर्षाचा शेवटचा दिवस, झाल्या चुकांच्या पश्चात्तापाचा. आनंदाचा दिवस दुसरा, नवरोजचा. म्हणजे माणूस मान खाली घालून बसलेला असताना आपण त्याच्या पाठीवर थाप मारून अभिनंदन करतो.

म्हणून सांगते, आधी विचार. दोन्ही अर्थांनी. मनाशी विचार कर आणि मग त्या माणसाला विचार.

आता तू म्हणशील, विचारलं तर त्यांना वाटेल हिला काहीच माहीत नाही. मग? नाहीच आहे ना माहीत! मलाही नव्हतं. माहिती असल्याचा आव आणून जितकी माणसं मी दुखावली, तितकी अडाणीपणानं दुखावली नाहीत. अडाणी माणसाला लोक हसून समजावतात. आव आणणाऱ्याचं ते ऐकून घेतात, 'थँक यू' म्हणतात आणि घरी जातात.

आडनावावरून ओळखण्याचा धंदा तर मुळीच करू नकोस. आमच्याकडे एक वरिष्ठ होते, नाव अगदी बायबलमधलं. मी त्यांना सलग नऊ वर्षं २५ डिसेंबरला कार्ड दिलं. दर वर्षी ते उभे राहून घ्यायचे, "फार आभारी आहे" म्हणायचे. निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या पत्नीशी गप्पा मारताना कळलं, ते 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिश्चन पंथाचे. नाताळ करत नाहीत, वाढदिवससुद्धा नाही. आम्ही त्यांचे वाढदिवसही टाळ्या वाजवून साजरे केले होते. नऊ वर्षांत एकदा जरी विचारलं असतं!

ख्रिश्चन म्हणजे २५ डिसेंबर हे समीकरणही आपल्या सोयीचं. रशियन आणि सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्च जुन्या ज्युलियन पंचांगानं चालतं, ते सध्या १३ दिवस मागे, त्यामुळे त्यांचा नाताळ आपल्या ७ जानेवारीला. आर्मेनियन चर्चचा ६ जानेवारीला. आणि नाताळ नको म्हणणारे कुणी बाहेरचेच असतात असंही नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीत कट्टर प्युरिटन ख्रिश्चनांनीच १६५९ मध्ये नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावला होता, तो १६८१ पर्यंत होता. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली सुरू झाली. 'लाज वाटते का' विचारणाऱ्या तुझ्या सहकारिणीला हे ऐकवू नकोस हं, उगाच वाद वाढेल. तिचं म्हणणं वेगळंच आहे. तिला तिच्या सणाचं नाव तुझ्या तोंडून ऐकायचंय, आणि ती मागणी रास्त आहे. आणि 'मला कशाला' म्हणणाऱ्याचीही रास्त आहे. दोघांना एकाच कागदात बसवायचा अट्टहास तुझा.

ज्यू सहकाऱ्याला डिसेंबरात हनुकाच्या शुभेच्छा दिल्या की आपण फार सर्वसमावेशक झालो असं वाटतं ना? जरूर दे. पण धार्मिकदृष्ट्या तो त्यांचा धाकटा सण. नाताळाच्या आसपास येतो म्हणून आपल्या नजरेत भरतो. त्यांचे मोठे दिवस रोश हशाना, म्हणजे नववर्ष, आणि योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, सप्टेंबर-ऑक्टोबरातले. योम किप्पूरला सुमारे २५ तासांचा कडक उपास, पाणीसुद्धा नाही. त्या दिवशी तू त्याला दुपारच्या मीटिंगला बोलावतेस आणि डिसेंबरात हनुकाच्या आठ मेणबत्त्यांचं चित्र पाठवतेस. कुठली शुभेच्छा त्याच्या लक्षात राहील?

इथे मी जरा चिडलेय, कळतंय मला. पण हाच माझा हट्ट आहे आणि तो मला महागात पडलाय, तेही सांगते.

माझ्याकडे एक निळी वही होती. दर नवीन माणूस रुजू झाला की पहिल्या आठवड्यात मी त्याला एवढंच विचारायचे: वर्षातले कोणते दिवस तुला घरी असावंसं वाटतं? धर्म विचारला नाही, जात नाही, देव मानतोस का हेही नाही. उत्तर वहीत. ईदच्या पुढे मी पेन्सिलीनं तारीख लिहायचे, कारण हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि शेवटी चंद्र दिसेल तेव्हा खरी. एका पानावर 'आईचं वर्षश्राद्ध' होतं. एकानं लिहून दिलं होतं, 'कोणताही नाही, पण पावसाळ्यातला पहिला दिवस मिळाला तर बरं.' त्याला मी तो दिला, दोनदा.

तर या वहीची तक्रार वर गेली. आस्थापना विभागातली बाई माणसांच्या धर्माच्या याद्या करते म्हणून. मला बोलावलं, वही मागितली, चाळली आणि बंद करा म्हणाले. त्याऐवजी छापील कार्ड आलं, सोनेरी किनारीचं, ज्यात कुठल्याच सणाचं नाव नव्हतं आणि कुठल्याच माणसाचं. मी ते वाटायला नकार दिला. ते काम माझ्याकडून काढून घेतलं. मला आजही वाटतं माझंच बरोबर होतं. याद्या मी केल्याच नाहीत, मी दिवस लिहिले. आणि त्या वहीमुळे योम किप्पूरची मीटिंग दोन वर्षं टळली, हे त्या चौकशीत कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

असो. पूर्ण खरं सांगायचं तर तक्रार करणाऱ्याचंही थोडं ऐकायला हवं होतं. एका मुलाला मी तीनदा विचारलं होतं. पहिल्यांदा तो हसला, दुसऱ्यांदा 'बघू' म्हणाला, तिसऱ्यांदा उठून गेला. तो घर सोडून आलेला, घरच्यांचा धर्मही सोडलेला, आणि मी त्याला दर महिन्याला विचारत होते की तुझा दिवस कोणता. तेव्हा एवढी दुरुस्ती करून घे: विचार, पण एकदाच. उत्तर आलं नाही तर तेच उत्तर.

तुझ्या कामाचं बोलू. ६३ जणांचा संदेश जाऊ दे, तो सुटीच्या सूचनेसारखा आहे. 'वर्ष संपतंय, ऑफिस अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत बंद, केलेल्या कामाबद्दल आभार, विश्रांती घ्या.' चार ओळी. त्यात सण घालायची गरजच नाही, आणि नाही घातला म्हणून त्यात भित्रेपणाही नाही. नाताळच्या शुभेच्छा वेगळ्या लिही, ज्यांचा नाताळ आहे त्यांना, त्यांच्या नावानं. कितीजण असतील? पंधरा? वीस? अर्ध्या तासाचं काम. बाकीच्यांना त्यांच्या त्यांच्या दिवशी. हो, वर्षभर पुरेल हे काम. पहिलं छापील नाताळकार्ड १८४३ मध्ये लंडनला निघालं तेही, पत्रांना उत्तरं लिहायला हेन्री कोल या इंग्रज अधिकाऱ्याला वेळ नव्हता म्हणून. हजारभर प्रती काढल्या. म्हणजे हा आळस जुना आहे, तू काही पहिली नव्हेस.

कुणी तुला तुझा नसलेल्या सणाच्या शुभेच्छा दिल्या तर घे आणि आभार मान. चारचौघांत दुरुस्त करत बसू नकोस.

आता जे सांगायला मी हे पत्र इतकं लांबवलं ते सांगते. वहीच्या आधीची गोष्ट आहे, किंबहुना वही त्यामुळेच आली.

आमच्या हिशेब विभागात एक जैन गृहस्थ होते. पर्युषणाचे आठ दिवस रजा मागितली होती. अठ्ठाई करणार होते, आठ दिवसांचा उपास. नेमकं ऑडिट आलं होतं, मी अर्ज नामंजूर केला. ते रोज वेळेवर येत. टेबलावर उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली, बाकी काही नाही, आणि सूर्य मावळला की तीही बंद. सहाव्या दिवशी जिन्यात कठड्याला धरून उभे असलेले मी पाहिले आणि पुढे गेले, हातात फाइल होती. संवत्सरीची, म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या दिवसाची, एक दिवसाची रजा तेवढी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलासमोर आले, हात जोडले, म्हणाले, "मिच्छामि दुक्कडम्."

मला वाटलं, यांचा सण झाला. मी खुर्चीतून उठून, चांगलं हसून म्हटलं, "तुम्हालाही हार्दिक शुभेच्छा!"

ते क्षणभर थांबले. मान हलवली आणि जागेवर जाऊन बसले. त्या शब्दांचा अर्थ मला दुपारी दुसऱ्या कुणीतरी सांगितला: माझ्या हातून झालेलं वाईट मिथ्या होवो. ज्यानं काही केलं नव्हतं तो माझी क्षमा मागून गेला, आणि जिनं मागायला हवी होती तिनं अभिनंदन केलं.

दर वर्षी त्यांचा फोन येतो. तेच दोन शब्द. मीही आता तेच दोन शब्द म्हणते, उच्चारही बरा जमतो. पण त्या रजेचं नाव मी अजून काढलेलं नाही. तुला 'विचार, विचार' म्हणून इतकं पिडतेय आणि त्यांना तेव्हा काय वाटलं हे मी एकदाही विचारलं नाही. आता ते ऐंशीच्या घरात आहेत.

तुझे तिन्ही मसुदे सोबत परत पाठवतेय. तिसरा फाडून टाक. दुसरा ठेव, त्यातून 'या गोठवणाऱ्या थंडीत' एवढं मी खोडलंय. तुमची सात माणसं सिडनीत आहेत, डिसेंबरात तिथे भर उन्हाळा असतो. 'माझा सण नाही' म्हणणाऱ्याला उत्तर लिहिलंस का? सोमवारच्या आत लिही आणि पाठवण्याआधी मला दाखवू नकोस.

तुझी,
मॅडम