बडोद्यात गरब्याचे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेले) फोटो सुधारायला महिन्याचे पैसे न भरता कोणतं सॉफ्टवेअर वापरावं?

डार्कटेबल वापरा, पूर्ण फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. मी गेल्या तीन नवरात्रांतले गरब्याचे फोटो यावरच केलेत. रात्री आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ६४०० वर काढलेल्या फोटोत काळ्या केडियावर (गरब्यातला पुरुषांचा घेरदार अंगरखा) जो रंगीत रवा, म्हणजे नॉइज, दिसतो, तो त्यातलं ‘डीनॉइज प्रोफाइल्ड’ फार छान काढतं, कारण बहुतेक कॅमेऱ्यांचं आयएसओनुसार नॉइजचं मोजमाप त्यात आधीच भरलेलं असतं. मात्र चेहरा मेणासारखा दिसू लागला की जोर लगेच कमी करा. चणियाचोळीवरचे आरसे पार पांढरे झाले असतील तर ते रॉमधूनही परत येत नाहीत. म्हणून फोटो काढतानाच एक्स्पोजर जरा कमी ठेवा. मूळ फाइलला हात लागत नाही, सगळे बदल शेजारच्या एक्सएमपी नावाच्या छोट्या फाइलमध्ये जातात, म्हणून बॅकअप घेताना दोन्ही घ्या.

एक अडचण आहे: यात लेयर (एकावर एक ठेवायचे थर), पोस्टरची मांडणी जमत नाही. त्यासाठी फोटो १६ बिट टिफमध्ये काढून गिम्प या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये न्या, तेही फुकटच आहे. फ्लेक्स छापायचा असेल तर प्रेसवाल्यांना कुठलं कलर प्रोफाइल लागतं ते आधी विचारा.