शटडाऊन करताना निळा स्क्रीन: फॉरमॅटच्या आधी ड्रायव्हर शोधा

रॅम बदलू की फॉरमॅट मारू, असा तुमचा प्रश्न आहे. त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही शेवटी ओझरती लिहिली आहे: मशीन फक्त बंद करतानाच पडतं. सातपूरच्या ऑफिसातला डेस्कटॉप 'शट डाऊन' दिलं की तीन-चार मिनिटं गोल फिरवत बसतो, मग निळा स्क्रीन येतो आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू होतं. 'रीस्टार्ट' मात्र सुरळीत होतं. रॅम खराब असती तर मशीन दिवसभरात केव्हाही पडलं असतं, नेमकं बंद करतानाच नाही. त्यामुळे एमजी रोडवरच्या दुकानात नेऊन रॅम बदलण्याची किंवा फॉरमॅट मारण्याची घाई करू नका. फॉरमॅटनंतर तोच जुना ड्रायव्हर (उपकरण चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) परत टाकला, तर दुखणंही परत येईल.

विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं आहे. ते चालू असेल तर 'शट डाऊन' दिल्यावर तुमचं लॉगिन बंद होतं, पण विंडोजचा गाभा (कर्नल) आणि लोड झालेले ड्रायव्हर हायबरनेटसारखे डिस्कवर साठवले जातात. रीस्टार्टमध्ये तसं होत नाही, सगळं नव्याने लोड होतं. साठवण्याआधी प्रत्येक ड्रायव्हरला आपलं उपकरण झोपवायला सांगितलं जातं. एखाद्याने ते काम पूर्णच केलं नाही, तर विंडोज काही वेळ वाट पाहतं आणि 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर' दाखवून थांबतं. तुमची लक्षणं याच्याशी जुळतात.

खात्री करणं सोपं आहे. शिफ्ट दाबून धरा आणि 'शट डाऊन'वर क्लिक करा. त्या एका वेळेपुरतं मशीन पूर्ण बंद होतं. असं चार-पाच वेळा नीट बंद झालं, तर रोख बरोबर आहे. मग कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' उघडा, वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ दाबा आणि फास्ट स्टार्टअपची खूण काढा. एसएसडी असेल तर सुरू व्हायला फारसा फरक पडत नाही. पण हा तात्पुरता आराम आहे. दोषी ड्रायव्हर तिथेच राहतो आणि स्लीपमध्ये जाताना तोच पुन्हा मशीन पाडू शकतो.

दोषी शोधायला डंप फाइल, म्हणजे मशीन पडलं त्या क्षणाची विंडोजने साठवलेली नोंद, लागते. सिस्टिम प्रॉपर्टीजच्या 'अॅडव्हान्स्ड' टॅबमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' उघडा, 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढा आणि खाली 'स्मॉल मेमरी डंप' निवडा. पेजफाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाइल) विंडोजच्याच ड्राइव्हवर हवी. एसएसडी वाचवायची म्हणून बरेच जण ती बंद करतात किंवा डी ड्राइव्हवर हलवतात, मग डंप सहसा बनतच नाही, कारण माहिती आधी पेजफाइलमध्ये लिहिली जाते आणि पुढच्या वेळी मशीन सुरू झाल्यावर मिनिडंप फोल्डरमध्ये येते. म्हणूनच निळ्या स्क्रीनवरचा टक्क्यांचा आकडा शंभर होईपर्यंत भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाचं बटण बंद करू नका. ऑफिस बंद करताना नेमकं तेच घडतं: शट डाऊन दिलं, मेन स्विच पाडला, शटर ओढलं.

फाइल मिळाली की मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून विनडीबीजी (WinDbg, डंप वाचायचं सॉफ्टवेअर) घ्या, त्यात ती उघडा आणि दिसणाऱ्या अॅनालाइझच्या लिंकवर क्लिक करा. शेवटी मॉड्यूल आणि इमेजचं, म्हणजे संशयित ड्रायव्हरच्या फाइलचं, नाव येतं. तिथे विंडोजच्या कर्नलचं किंवा पीसीआयचं नाव दिसलं तर त्यावर थांबू नका. ते बहुधा नुसते निरोपे असतात, दोषी नव्हे. अहवालातल्या 'आर्ग्युमेंट्स'मधला पहिला आकडा ३ असेल, तर चौथा आकडा म्हणजे अडकलेल्या विनंतीचा पत्ता. तो विनडीबीजीमध्येच आयआरपी (!irp) कमांडला दिला की विनंती कोणत्या ड्रायव्हरपाशी अडली ते दिसतं.

हे जमेपर्यंत यूएसबी उपकरणं तपासा. जीएसटीसाठी लावून ठेवलेलं डिजिटल सिग्नेचरचं टोकन, सॉफ्टवेअर लॉकचा डोंगल, स्वस्तातला वायफाय अडॅप्टर, यूपीएसची डेटा केबल: सगळं काढून बंद करून पाहा, मग एकेक परत लावा. त्यातून काही निघालं नाही, तर लॅन, वायफाय आणि चिपसेटचे ड्रायव्हर मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून घ्या. 'ड्रायव्हर अपडेटर' नावाची फुकट सॉफ्टवेअर अजिबात नको.

आता इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही. 'सिस्टिम' लॉगमध्ये कर्नल-पॉवरची ४१ क्रमांकाची नोंद उघडा आणि 'डिटेल्स'मध्ये बगचेक कोड (निळ्या स्क्रीनच्या चुकीचा क्रमांक) वाचा. तो दशमान पद्धतीत असतो. १५९ म्हणजे वर सांगितलेलीच ड्रायव्हरची चूक. तिथे ० असेल तर निळ्या स्क्रीनची नोंद झालेली नाही. मशीनची वीज गेली असेल किंवा ते पूर्ण गोठलं असेल. अशा वेळी आधी बोर्डाचं बटण लवकर पाडलं जातंय का ते पाहा, मग वायरिंग, यूपीएसची बॅटरी आणि एसएमपीएस (मशीनच्या आतला वीजपुरवठ्याचा डबा). मशीन चालू असताना १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ च्या बाहेर आकडा आला, तर एसएमपीएस बदला. मोजायची सवय नसेल तर ते काम जाणकाराकडूनच करून घ्या, आणि एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका.