ताती बुडाला, पण कशामुळे?

पत्र साताऱ्याच्या एका वडिलांचं आहे. घरचा फोटो फ्रेमिंगचा धंदा, तिसरी पिढी. मुलगा बारावी सायन्सला, अकरावीला 62 टक्के. त्याला पॅरिसला जाऊन विनोदी चित्रपटांचा दिग्दर्शक व्हायचंय, कारण फ्रेंच दिग्दर्शक झाक ताती हासुद्धा फ्रेम करणाऱ्याचाच मुलगा होता. वडिलांना इंजिनिअरिंग हवंय. ते लिहितात : ‘हा ताती शेवटी दिवाळखोर झाला, हे मला इंटरनेटवर सापडलं. त्याची प्रिंट काढून मुलाच्या टेबलासमोर चिकटवली आहे. दोन महिने त्याच्याशी कामापुरतंच बोलतो. मुळात हा घरात गप्प बसून वह्या भरतो, कोणाला हसवतही नाही, मग विनोदी चित्रपट काय काढणार? तुम्ही दिवाळखोरीबद्दल सविस्तर लिहा, म्हणजे त्याचे डोळे उघडतील.’

सप्रेम नमस्कार.

62 टक्क्यांची मला फारशी काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती टेबलासमोरच्या कागदाची. बारावीचं वर्ष, मुलगा रोज अभ्यासाला बसतो आणि मान वर केली की समोर ‘दिवाळखोर’. वर वडिलांचा अबोला. याला तुम्ही डोळे उघडणं म्हणता, मी धाक म्हणेन. आणि हा धाक लागूही पडणार नाही. ज्या माणसाच्या कामावर मुलाचा जीव जडलाय त्याची फजिती भिंतीवर लावली, तर मुलगा त्या माणसाची बाजू घेणार, तुमची नाही.

दिवाळखोरीबद्दल सविस्तर लिहा म्हणालात, तर लिहितो. तुम्ही दुकानदार आहात, तुम्हाला ते मुलापेक्षा जास्त कळेल.

1958 साली तातीचा ‘मों ऑंक्ल’ आला. (नावाचं मराठी सरळ ‘माझा मामा’ करावं, त्यात तातीनेच रंगवलेला उलो हा गोष्टीतल्या मुलाच्या आईचा भाऊ आहे.) चित्रपट चालला, कान चित्रपट महोत्सवात ज्युरीचं खास पारितोषिक मिळालं, परदेशी चित्रपटाचं ऑस्करही मिळालं. म्हणजे बाजारात पत होती, हाती यश होतं. पुढच्या ‘प्लेटाइम’साठी त्याला काचेच्या इमारतींचं आधुनिक पॅरिस हवं होतं. खरा विमानतळ किंवा खरी कार्यालयं महिनोन्महिने कोण बंद ठेवू देणार? म्हणून 1964 पासून पॅरिसच्या आग्नेयेला त्याने सेटचं शहरच उभारलं. सुमारे 15,000 चौरस मीटर जागा, पोलाद आणि काचेच्या इमारती, रस्ते, सिग्नल, सरकता जिना, स्वतःचं वीजकेंद्र. लोक त्याला ‘तातीविल’ म्हणायला लागले. वादळात सेटचं नुकसान झालं, पैसे संपले की काम थांबायचं, आणि चित्रीकरण लांबत लांबत 1967 उजाडलं. दरम्यान कर्जापायी त्याने राहतं घर आणि आधीच्या चित्रपटांचे हक्क पणाला लावले.

डिसेंबर 1967 मध्ये चित्रपट लागला तो 70 मिलीमीटरच्या रुंद फिल्मवर. तेवढा पडदा आणि तशी ध्वनियंत्रणा असलेली थिएटरं मोजकीच, आणि तातीला दुसरीकडे दाखवायचा नव्हता. प्रेक्षक उलोला बघायला आले, तर दिग्दर्शकाने त्याला मुद्दाम गर्दीत विरघळवून टाकलेला. अमेरिकेत तेव्हा वितरक मिळाला नाही. नंतर लांबी कापली, तरी तूट भरली नाही. पुढे 1974 मध्ये कंपनी बुडाली, आणि त्याचे स्वतःचे चित्रपट धनकोंच्या ताब्यात गेले.

आता दुकानदाराच्या भाषेत. गिऱ्हाईक पक्कं नसताना गोदामभर माल भरला आणि तारण म्हणून चालतं दुकान लिहून दिलं. फ्रेमच्या धंद्यात हे केलं असतं तरी हाच शेवट होता. त्याआधी त्याच माणसाने कमी पैशांत, कमी माणसांत चित्रपट काढले आणि ते चालले. त्यामुळे तुमच्या कागदावरून ‘विनोदी चित्रपट काढू नये’ असं निघत नाही. निघतं ते एवढंच की राहतं घर आणि आधीच्या कामाचे हक्क पुढच्या कामासाठी गहाण टाकू नयेत. हे मुलाला जरूर शिकवा. तारण, हक्क, करार, आगाऊ रक्कम हे त्याला घरात तुमच्याइतकं चांगलं कोण सांगणार? फिल्म स्कूलमध्येही ते इतकं रोकडं कोणी सांगत नाही.

मुलालाही एक ऐकवायचंय. ‘प्लेटाइम’ आज फार मोठा मानला जातो, 2002 साली कानमध्ये त्याची 70 मिलीमीटरची नवी प्रत दाखवली गेली. ताती 1982 मध्येच गेला होता. कौतुक उशिरा आलं आणि त्यातून एकही हप्ता फिटला नाही.

‘तातीही फ्रेमवाल्याचा मुलगा’ हे खरं आहे, पण मुलगा त्या वाक्यावर फारच लवकर थांबतो. ताती 1907 चा. शाळेत रमला नाही, घरच्या फ्रेमच्या कामात उमेदवारीला लागला, त्यासाठी लंडनलाही गेला. तिथे रग्बीची गोडी लागली, आणि परत आल्यावर पॅरिसच्या क्लबात सामन्यानंतर खेळाडूंच्या नकला करू लागला. त्या नकलांचा कार्यक्रम झाला, कार्यक्रम म्युझिक हॉलच्या रंगमंचावर गेला, आणि 1936 मध्ये लेखिका कोलेतने त्याच्याबद्दल कौतुकाने लिहिलं, की हा एकाच वेळी घोडाही होतो आणि स्वारही. मध्ये काही लघुपट, मग युद्ध. युद्धकाळात ज्या भागात आसरा घेतला होता, तिथल्या सँत-सेव्हेर गावात 1947 साली पोस्टमनवरचा ‘झुर द फेत’ चित्रित केला. तो प्रदर्शित झाला 1949 मध्ये. तेव्हा ताती 41 वर्षांचा होता. फ्रेमचं दुकान सोडलं आणि दिग्दर्शक झाला, असं घडलं नाही. मधली पंधराएक वर्षं तो रंगमंचावर शरीराने कष्ट करून पोट भरत होता.

त्याच चित्रपटाची आणखी एक गोष्ट तुम्हा दोघांच्याही कामाची आहे. तो नव्या फ्रेंच रंगीत पद्धतीने काढला होता, पण रंगीत प्रती काढणंच जमलं नाही. शेजारी खबरदारी म्हणून कृष्णधवल फिल्म भरलेला दुसरा कॅमेरा चालू ठेवला होता, म्हणून चित्रपट वाचला. रंगीत आवृत्ती त्याच्या मुलीने पुढे 1995 मध्ये लोकांपुढे आणली. ‘प्लेटाइम’च्या वेळी असा दुसरा कॅमेरा हिशेबाच्या वहीत नव्हता.

‘घरात कोणाला हसवत नाही’ हा तुमचा मुद्दा पत्रातला सगळ्यात चुकीचा मुद्दा आहे. विनोदी दिग्दर्शक म्हणजे लग्नात मैफल रंगवणारा माणूस, हा समज खोडून काढायला तातीसारखं उदाहरण नाही. त्याचा उलो जवळजवळ बोलतच नाही. पुटपुटतो, झुकून चालतो, आणि घोटाळा दुसऱ्यांचा होतो. विनोद येतो तो मोजमापातून. ‘मामा’मध्ये बंगल्याच्या अंगणात माशाचं कारंजं आहे. घंटा वाजली की घरच्या मालकीणबाई आधी कारंजं सुरू करतात. पाहुणा साधाच निघाला तर लगेच बंद. पाणी उडायला किती क्षण लागतात आणि फाटक कधी उघडतं, एवढ्यावर सगळं हसू आहे. तातीच्याच ‘उलोची सुट्टी’ या चित्रपटात स्टेशनवरच्या लाउडस्पीकरचं एक अक्षर कळत नाही, आणि माणसं या फलाटावरून त्या फलाटावर धावत सुटतात. हे सुचायला गप्पिष्ट असावं लागत नाही, कोपऱ्यात उभं राहून बघत बसावं लागतं. तुमचा मुलगा घरात गप्प असतो आणि वह्या भरतो, असं तुम्हीच लिहिलंय. त्या वह्या कधी उघडून पाहिल्यात का? ‘मामा’साठी प्रसंगांची चित्रं काढायला तातीने प्येर एतेक्सला घेतलं होतं. एतेक्स पुढे स्वतः दिग्दर्शक झाला, लघुपटाचं ऑस्कर त्यालाही मिळालं. तातीच्या चित्रपटांवरून कादंबऱ्या लिहायला झाँ-क्लोद कारिएर हा तरुण आला, तेव्हा तातीने त्याला आधी संकलिका सुझान बारोंकडे पाठवलं, चित्रपट कशाशी खातात ते कळावं म्हणून. पीटर ब्रुकचं ‘महाभारत’ ज्याने लिहिलं, तोच हा कारिएर. एक चित्रकलेच्या दाराने आत आला, दुसरा लेखणीच्या. बारावीनंतर लगेच ‘दिग्दर्शन’ अशी पाटी असलेलंच दार हवं, हा हट्ट मुलाने सोडावा.

नेहमीचे मार्ग थोडक्यात. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट संस्थेच्या तीन वर्षांच्या चित्रपट अभ्यासक्रमांना पदवी लागते. पॅरिसच्या ला फेमिस या फिल्म स्कूलची मुख्य प्रवेशपरीक्षा द्यायला बारावीनंतरची किमान दोन वर्षं शिकलेली लागतात, परीक्षा फ्रेंचमध्ये असते, दिलेल्या विषयांतून एक निवडून स्वतः शोध घेऊन फाइल तयार करावी लागते आणि जागा अगदी थोड्या. म्हणजे पुढच्या जूनमध्ये पॅरिस नाहीच. तो वाद घरात उगाच चाललाय. फ्रेंचची बी-टू पातळी, म्हणजे वर्गात शिकता येईल इतकी भाषा, गाठायला साधारण 600 तास शिकवणी धरा. आठवड्याला चार तास केले तर तीन वर्षं.

पण म्हणून त्याने आत्ता सायन्स सोडून देऊ नये, आणि फिजिक्स तर मुळीच नाही. एफटीआयआयच्या ध्वनी विभागाला बारावीला फिजिक्स लागतं. तातीचे चित्रपट आवडणाऱ्याला हे दार बंद करून चालणार नाही, कारण त्याचे निम्मे विनोद आवाजाचे आहेत. ताती ध्वनी नंतर वेगळा बसवायचा. ‘उलोची सुट्टी’मधल्या भोजनगृहाच्या झुलत्या दाराचा टणत्कार आठवावा. कॅमेरा लांब ठेवायचा, चित्रात दहा माणसं, आणि कुठे बघायचं ते आवाज सांगतो. पदवी कोणती, ते त्याला ठरवू द्या. इंजिनिअरिंगला 62 टक्क्यांचा मुलगा मनाविरुद्ध घालाल, तर चार वर्षांनी तो ना इंजिनिअर ना दिग्दर्शक.

दिग्दर्शन त्याला झेपतं की नाही हे पॅरिसला न जाता कळू शकतं. तुमच्याच दुकानात. परीक्षा झाली की त्याने तीन मिनिटांचा, एकही संवाद नसलेला चित्रपट करावा. फोन स्टँडवर पक्का, एकच चौकट, जवळून एकही दृश्य नाही. गिऱ्हाईक, गोनिया, काच कापायची हिरकणी, 45 अंशात कापलेली पट्टी, जी चौथ्या कोपऱ्याला जुळत नाही. मालमसाला भरपूर आहे. फोनचं एक्स्पोजर आणि फोकस लॉक करावं, नाहीतर कोणी दारातून आत आलं की चित्र उजळतं-काळवंडतं. चित्रणाचा वेग सेकंदाला 25 चित्रांवर स्थिर ठेवणारं अॅप वापरावं. फोनचा वेग आपोआप बदलत राहिला, तर वेगळा घेतलेला आवाज तिसऱ्या मिनिटाला ओठांच्या नाही तरी हातोडीच्या पुढे-मागे जातो. सुरुवातीला एक टाळी वाजवावी, जुळवायला सोपं पडतं. आवाज रात्री दुकान बंद झाल्यावर, वस्तूपासून वीतभर अंतरावरून, एकेक वेगळा घ्यावा. लांबून घेतला तर खोलीचा घुमारा येतो आणि तो नंतर काढता येत नाही. रिकाम्या दुकानाची अर्धा मिनिट शांतताही नोंदवून ठेवावी, दोन आवाजांमधली पोकळी भरायला.

पहिला प्रयत्न फसेल, आणि बहुतेक एकाच ठिकाणी : विनोद घाईत उरकलेला असेल. मग तोच प्रसंग पुन्हा, पाच वेळा, दहा वेळा. सहाव्यांदा करताना मुलगा कंटाळला, तर त्याला दिग्दर्शक म्हणवून घ्यायला आवडतं, काम आवडत नाही, एवढं कळेल. कंटाळला नाही, तर पदवीच्या तीन वर्षांत अशा दहा फिल्म जमतात आणि कुठल्याही मुलाखतीत त्या दाखवता येतात. त्यात गिऱ्हाइकाचं काम तुम्ही केलंत, तर दोन महिन्यांचा अबोलाही सुटेल, कारण तो तुम्हाला सांगेल, ‘बाबा, पुन्हा एकदा आत या, या वेळी जरा हळू.’

आणि हे उत्तर त्याला द्याल तेव्हा पूर्ण द्या. दिवाळखोरीचा भाग तेवढा कापून भिंतीवर लावू नका.